एक नंबरची नळी

सोम. 13 एप्रिल
शिकिमिक प्रोजेक्ट बंद. 30 तारखेला. मीटिंग अकरा मिनिटं चालली, त्यातली चार प्रोजेक्टर लागेना म्हणून गेली. मोठे साहेब (इथून पुढे मो.सा., एवढं लिहून हात दुखतो) म्हणाले, "दोन वर्षं दिली आपण. जंतू काही देत नाही. लॅबची ती बाजू आता दुसऱ्या कामाला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

माझ्याकडे आलेलं काम: मायनस 80 च्या फ्रीजरमध्ये काय काय आहे त्याची यादी करायची. 30 ला पाच वाजता इलेक्ट्रिशियन येऊन फ्रीजर बंद करणार. मग आतलं सगळं मारून फेकायचं.

सामंत सरांचं नाव कोणी काढलं नाही. प्रोजेक्ट त्यांचा, जंतू त्यांनी बनवलेला. जानेवारीत गेले. राजीनामा दिला असं म्हणायचं. दिला नाही, घेतला.

काही वाटलं नाही. डबा खाल्ला. भेंडी होती.

मंगळ. 14 एप्रिल
सुट्टी, जयंतीची. गच्चीवर मिरच्या वाळत पडल्यात, मम्मीचा बाटलीचा मसाला, वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा तो, सुरू. कोलशेतच्या निम्म्या गच्च्या आज लाल आहेत, बाकीच्या निम्म्या टॉवरवाल्यांच्या. मी सावलीत बसून चक्रीफुलं निवडत होते. मोडकी एकीकडे, अख्खी एकीकडे.

मम्मी : "यातूनच निघतं ना तुमचं औषध? मग जंतू कशाला पाळता गो?"

दोन वर्षांत दहा वेळा सांगितलंय. परत सांगितलं. फ्लूच्या औषधाला शिकिमिक लागतं, ते चक्रीफुलात असतं. साथ आली की जगभर मागणी आणि झाड देणार ते त्याच्या वेळेलाच. जंतूच्या पोटातही शिकिमिक बनतं, पण तो तिथे थांबत नाही, त्याचं पुढे दुसरंच काही करून टाकतो. म्हणून त्याची पुढची वाट बंद करायची, मागची रुंद करायची, साखर खायला घालायची. साठलेलं आपण काढून घ्यायचं.

"आणि देतो तो?"

"नाही देत."

"मग?"

"मग बंद केलं काल."

मम्मीने एक फूल हुंगून टोपलीत टाकलं. म्हणाली, हे तरी देतं बाई. मग माझ्याकडे बघून, "तू अशी मख्खासारखी काय बसलीस?"

मख्खासारखी नाही. मख्खच.

गुरु. 16 एप्रिल
यादी. दोन हातमोज्यांवर दोन हातमोजे, तरी बोटं बधिर. चाळीस खोकी. त्यातली वीस तरी कोणाची ते कोणालाच माहीत नाही. एकावर नुसतं "ठेवा" लिहिलंय.

सरांचं खोकं खालच्या कप्प्यात. SK-1 ते SK-12. एकाच वेळी बनवलेली बारा भावंडं, प्रत्येकाची एक नळी, छापील स्टिकर, आकडे स्वच्छ. त्यातलं 9 नंबरचं निवडलं आणि त्याचा मोठा साठा केला. साठा मी केला, गेल्या जूनमध्ये. सर तेव्हा कणकवलीला, त्यांची आई गेली म्हणून. नंतरचे सगळे टँक त्या 9 वरच. दहा महिने. तापमान बदललं, साखर बदलली, हवा वाढवली. 9 ढिम्म.

मो.सा. दर आठवड्याला विचारायचे, वाढलं का? पी हळद अन् हो गोरी.

उरलेल्या अकरा नळ्या तशाच, बूच न उघडलेल्या. यादीत लिहिल्या. शेरा : टाकणे.

उद्या सरांची वही बघून तारखा भरायच्या. वही माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. जानेवारीत ते म्हणालेले, राहू दे तुझ्याकडे, घरी नेऊन मी काय करू.

शुक्र. 17 एप्रिल
लिहून टाकते. नाहीतर उद्या मीच म्हणेन असं काही नव्हतंच.

सरांची वही अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी. मशीनचे आकडे, तारखा इंग्रजीत. मनातलं लिहिलं की मराठीत. बारा भावंडांची छोटी चाचणी त्यांनी केली त्या पानावर तळाला कोपऱ्यात :

SK-१ फक्कड.

ही ओळ मला पाठ आहे. हीच वाचून मी साठा केला. सर गावी, फोन लागेना, आणि मो.सा.ना तो साठा कालच हवा होता.

आज तारीख शोधताना पान उलटलं. मागे, पेन्सिलीने :

SK-९ काही देत नाही. टाकावा.

पान पुढे केलं. मागे केलं. पुढे केलं. त्यांचा ९ असा असतो. म्हणजे पुढचा तो ९ नाही. इंग्रजी 9 पण नाही. तो मराठी एक आहे. वर गोल, खाली शेपटी.

मी एकाचा नऊ वाचला.

शाळा इंग्रजी, घर मराठी. म्हणून ही वही अशी, शब्द मराठी आणि आकडे इंग्रजी. बसवरचा १ मला एकच दिसतो, त्या बसने मी नववीपर्यंत शाळेत गेले. पण SK इंग्रजीत होतं, त्याला लागून आलेला आकडा मी इंग्रजी धरला. अर्धा सेकंदही लागला नसेल.

दहा महिने आम्ही जो जंतू टँकमध्ये घालत होतो, तो सरांनी टाकावा म्हणून लिहिलेला होता.

कंपनीची बस शिळफाट्याला पाऊण तास उभी होती. शेजारच्या सीटवरची सुट्टीत महाबळेश्वरला जाणार, ते सांगत होती. कुठल्या हॉटेलात उतरायचं ते पण मी सुचवलं.

शनि. 18 एप्रिल
काही केलं नाही. मसाल्याची धूळ, शिंका. रात्रभर झोप नाही, मम्मीला वाटतंय डोळे मसाल्याने लाल आहेत.

जानेवारीची ती मीटिंग. मो.सा. म्हणाले, "सामंत, तुमचा जंतू तुमच्यासारखाच आहे. आरामात." हसले सगळे. सर पण हसले, ते वाईट. मग म्हणाले, "छोट्या चाचणीत फार छान आलेलं हो. का येत नाही कळत नाही मला." दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून, कारण मी त्यांची कामातली जोडीदार, मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी लॅपटॉपमध्ये बघत होते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, हे खरं. पण गप्प बसले हेही खरं. बाजू घ्यायला कारण कशाला लागतं.

छपन्नाव्या वर्षी माणसाला घरी बसवलं.

सोम. 20 एप्रिल
SK-1 ची नळी काढली. एकच आहे. सांडली, मेली, संपलं. बर्फात धरून सुईच्या टोकाएवढं खरवडलं, प्लेटवर ओढलं, नळी परत आत. हात हलला नाही. माझे हात अशा वेळी कधीच हलत नाहीत.

म्हात्रे (मशीनवर सॅम्पल चालवतात, इथल्या मानपाड्याचेच, कंपनीपेक्षा जुने) म्हणाले, "बंद पडलेल्या दुकानात काय करतंस गो मॅडम?" म्हटलं, शेवटचं एक बघायचंय.

कोणाला सांगितलं नाही.

मंगळ. 21 एप्रिल
उगवला. गोल, मळकट पांढरा, 9 सारखाच. बघून ओळखू येत नाहीत, दोन्ही भाऊ. दोघांना फ्लास्कमध्ये घातलं, तीच साखर, तोच शेकर, शेजारी शेजारी.

खरं म्हणजे मनात काय येत होतं ते लिहिते. 1 कडून काही येऊ नये असं वाटत होतं. 1 पण नालायक निघाला तर माझ्या चुकीने कोणाचं काही बिघडलं नाही. सर तसेही गेलेच असते. शी.

गुरु. 23 एप्रिल
दुपारी सॅम्पल लावलं. आधी 9. ग्राफवर शिकिमिकच्या जागी नेहमीचा गतिरोधकाएवढा उंचवटा. मग 1.

म्हात्रे खुर्चीतून उठले. रेघ चढत गेली, चढत गेली, स्क्रीनच्या वर निघून गेली. त्यांनी ग्राफचं स्केल बदलून परत चालवलं. परत तेच. पाणी घालून पातळ करून चालवलं, तेव्हा कुठे टोक दिसलं.

"आयला. हा कुठं लपवलेलास?"

म्हटलं, फ्रीजरमध्येच होता.

"सामंतांचा?"

"हो."

 मग मीच सांगितलं सगळं. वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, आकड्यावर बोट ठेवलं. "हा एक हाय."

"मला आता दिसतोय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," म्हणाले, आणि मग घाईघाईने, "तुला नाय बोललो." मलाच बोलले. बरोबर बोलले.

प्रिंट घेऊन घरी आले.

रवि. 26 एप्रिल
चर्चमध्ये मिस्साच्या आधी कन्फेशनला बसले, तीन वर्षांनी. फादर नवीन, वसईकडचे. मी सांगायला लागले, एक आणि नऊ, जंतू, सर. फादर म्हणाले, थांबा, हा जंतू रोगाचा आहे का? म्हटलं नाही, औषधाचा. बरं म्हणाले, पुढे.

शेवटी म्हणाले, ही तर चूक झाली. पाप कुठलं?

म्हटलं, आज नववा दिवस आहे, कळून. अजून ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलं नाही.

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, तुम्हाला इथे प्रायश्चित्त देऊन मी मोकळं करणार नाही. आधी त्यांच्याकडे जा.

राग आला. बरं वाटलं, काहीतरी आलं.

सोम. 27 एप्रिल
कंपनीतून लवकर निघाले, मानपाड्याहून रिक्षा, सरांकडे. दार त्यांनीच उघडलं. बनियन, पायजमा, कोपरापर्यंत खोबरेल. फणस कापत होते, पेपर पसरून. काकू म्हणाल्या, "बस गं. हे आता फणस, सोसायटीची टाकी आणि गच्चीची चावी बघतात." सर म्हणाले, "टाकी तीन वर्षांनी साफ झाली, माहितेय?" दाढी वाढलीय. पांढरी आहे, मला माहीत नव्हतं.

मी प्रिंट काढला. हाताला चीक, कागद घेता येईना. मी त्यांच्यापुढे धरून उभी राहिले.

"काय हे?"

"SK-1."

"किती?" लगेच. पहिला शब्द तोच. आकडा सांगितला. "पातळ करून?" "पातळ करून, सर." त्यांनी मान पुढे काढली, नाक कागदाला लागेल इतकी. ग्राफच्या टोकावर नजर, मग खाली आकड्यांवर, मग परत टोकावर.

मग मी सांगितलं. साठा मी 9 चा केला. तुमचा एक मी नऊ वाचला. उभ्याने सांगितलं, एका दमात, शाळेत कविता म्हणतात तसं. काकू सुरी हातात घेऊन तशाच.

सर म्हणाले, "त्या साठ्याच्या कागदावर तपासणाऱ्याची सही कोणाची आहे?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दोन सह्या लागतात. करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची.

"आईच्या बाराव्याहून आलेलो. तू कागद पुढे केलास, मी सही केली. वही उघडली नाही. तू केलंय म्हणजे काय बघायचं." मग गऱ्यातली आठळी काढत, "असांदे गं, असू दे."

म्हटलं, सर, तुम्ही ओरडा तरी. म्हणाले, ओरडून काय, मग थांबले. त्यांचे डोळे भरले. हाताला चीक म्हणून पुसता येईनात, काकूंनी पदराने पुसले. त्या म्हणाल्या, "चार महिने हा माणूस मला सांगतोय, छोट्या चाचणीत आलेलं गं. मी म्हणायची, पुरे करा आता." माझ्याकडे बघून म्हणाल्या. ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

सर : "फ्रीजर कधी बंद करतायत?"

"30 ला."

"मग इथे काय करतेस? उद्या सांग त्यांना. एकच नळी आहे ना? एकच आहे गं ती."

निघताना पिशवीत गरे घालून दिले.

मंगळ. 28 एप्रिल
मो.सा.ना सांगितलं. सगळं, माझ्या चुकीसकट. मला वाटलेलं ओरडतील, काढून टाकतील. रात्री तयारी करून ठेवलेली, घरी मम्मीला काय सांगायचं त्याची.

ते खूश झाले! उठून हात मिळवला. दिल्लीला (पैसे तिथूनच येतात) फोन लावला, "वी हॅव अ ब्रेकथ्रू" म्हणून. शिकिमिक चालू राहणार. मला प्रोजेक्टची प्रमुख करतायत. दुपारी पेढे आले. एक खाल्ला. चव लागली नाही.

म्हटलं, सामंत सरांना बोलवायला हवं. म्हणाले, बघू. ते "बघू" माझ्या ओळखीचं आहे.

एक कागद मात्र लागेल. दहा महिने चुकीचा जंतू का चालवला याचा. कारण, दुरुस्ती, सही. तो बंद झाल्याशिवाय दिल्ली पुढचे पैसे देणार नाही, आणि दिल्लीने दिले नाहीत तर 30 चं ठरलेलं आहेच. क्वालिटीवाले उद्या करून देतील, मी फक्त सही करायची.

बुध. 29 एप्रिल
आला कागद. इंग्रजी आहे, मराठीत लिहिते. मूळ कारण : माजी कर्मचारी श्री. सामंत यांनी नियमाविरुद्ध नोंदवहीत मराठी आकडा वापरला, त्यामुळे गोंधळ. चूक शोधली : माझं नाव.

नियम आहे खरा. नोंदी इंग्रजीत. भिंतीवर लावलाय.

मी खाली ओळ घातली, आकडा वाचताना माझी चूक. तासाभराने स्वच्छ प्रत आली, ओळ नाही. मो.सा.कडे गेले. म्हणाले, "मॅडम, स्वतःला कशाला अडकवताय? प्रमुखाच्याच नावावर चूक, बरं दिसतं का? सामंत आता इथे नाहीतच. त्यांना काय फरक पडतो?"

जंतू त्यांचा. तो वाचवायचा तर खापर त्यांच्यावर, आणि फोडणारी मी. सही नाही केली तर उद्या पाचला फ्रीजर.

जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन सरांना फोन केला. वाचून दाखवला कागद. मागे टाकीच्या पंपाचा आवाज.

"कर सही."

"सर, यात तुमची चूक म्हणून लिहिलंय."

"ऐकलं मी. जे काही छापतील पुढे, त्यात कुठे माझं नाव असणार आहे का? नाही. या कागदावर आहे. सामंतांचा एक, असं तरी कोणी वाचेल."

"चुकीचा म्हणून वाचतील."

"अगं, कसंही. आहे ना."

तिथे गेटवर उभी राहून रडले. वॉचमनने खुर्ची आणून दिली. दहा महिन्यांत पहिल्यांदा रडले. चांगलं वीस मिनिटं, नाक गळेपर्यंत.

गुरु. 30 एप्रिल
सकाळीच एक कोरा कागद घेतला. हाताने, मराठीत, शब्द आणि आकडे दोन्ही : "श्री. सामंत यांनी लिहिलेला १ बरोबर होता. तो मी ९ वाचला. तपासताना वही उघडली गेली नाही. SK-१ हा त्यांनी घडवला आणि त्यांनीच निवडला." खाली सही. क्वालिटीवाल्यांच्या कागदाला स्टेपल केला आणि मग त्या कागदावरही सही केली. अकराला दिला.

बाराला परत आला. स्टेपल काढलेली. माझा कागद वेगळा, वर पिवळी चिठ्ठी : गरज नाही.

परत जोडला. या वेळी चार पिना. स्वतः नेऊन मो.सा.च्या टेबलावर ठेवला, म्हटलं दोन्ही मिळून एकच कागद आहे, एक हवा तर दुसरा घ्यावा लागेल. मो.सा.नी वर बघितलं नाही. म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर थांबलेय. पावणेदोनपासून. दार बंद, आत फोन चालू आहे, शब्द कळत नाहीत. म्हात्रे दोनदा चहा ठेवून गेले.

4:35. इलेक्ट्रिशियन आला. फ्रीजरपाशी स्टूल टाकून बसलाय, पाच कधी वाजतात बघत. त्याला म्हटलं, थांबा, आतून सांगितल्याशिवाय हात लावू नका. म्हणाला, मला पाचचं सांगितलंय मॅडम.

4:50. मीही फ्रीजरपाशी आलेय. काकूंचा फोन. "अगं, हे सकाळपासून शर्ट-पँट घालून, दाढी करून बसलेत. कुठे जायचंय विचारलं तर बोलत नाहीत. आता म्हणतायत, तिला विचार, बंद केला का?"

म्हटलं, नाही अजून. मायनस 80 दाखवतोय.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

म्हटलं, माहीत नाही काकू. तुम्ही त्यांना सांगा, नळी आत आहे आणि मी फ्रीजरच्या दारात उभी आहे.